आडवी आलेली गोळी

पुसदच्या बाहेर एका माळावर रायफल क्लबची रेंज होती. रेंज म्हणजे काय, तर एका टोकाला पत्र्याचं शेड आणि त्यात अंथरलेल्या सतरंज्या, दुसऱ्या टोकाला मुरमाचा उंच बांध, आणि बांधाच्या अलीकडे माणूसभर खोल खंदक. शेडात साहेब लोक पोटावर झोपून गोळ्या झाडायचे. खंदकात मारोती मनवर बसायचा. त्याच्या डोक्यावर लाकडी चौकटीत कागदाचं निशाण लावलेलं असे. दहा गोळ्या झाडून झाल्या की शिटी वाजायची. मग मारोती चौकट खाली ओढायचा, भोकं मोजायचा आणि लांब दांड्याला लावलेली पांढरी चकती वर धरून कोणती गोळी कुठे लागली ते दाखवायचा. गोळी कागदाला लागलीच नसेल तर लाल फडकं हलवायचं. या कामाला मार्कर म्हणतात. मारोतीनं ते बावीस वर्षं केलं, आणि त्या बावीस वर्षांत साहेब लोकांविषयी त्याचं जे मत झालं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

घरी मात्र तो ते दर रविवारी सांगायचा. हातपाय धुऊन चुलीपाशी बसला की सुरू. अमका इंजिनिअर बंदुकीचा बार व्हायच्या आधीच डोळे मिटतो. तमक्या डॉक्टरची गोळी कागदाच्या इतकी बाहेर गेली की बांधावरची बाभूळ मेली. एका मोठ्या साहेबानं तर शेजाऱ्याच्याच निशाणावर पाच गोळ्या झाडल्या आणि वर त्यालाच सांगितलं की तुझा नेम सुधारला. त्याची बायको तुळसाबाई पोट धरून हसायची. दिवसभर लोकांच्या रानात कापूस वेचून तिची पाठ धरलेली असायची, पण या गोष्टींसाठी ती जागी राहायची. आपला नवरा अडाणी असेल, पण एकाही साहेबाला त्याला फसवता येत नाही, खंदकात बसून तो सगळ्यांचं खरं पाहतो, याचा तिला अभिमान होता. बिचारीला पेन्सिलीचं माहीत नव्हतं.

मारोतीच्या कानावर कायम एक लाकडी पेन्सिल खोचलेली असे. लोकांना वाटायचं गुण लिहायला. गुण लिहायला क्लबचे सेक्रेटरी होते. मारोतीची पेन्सिल भोकं पाडायला होती. रायफलीच्या गोळीचं भोक आणि पेन्सिलीचं भोक यांत फारसा फरक नसतो. पेन्सिल टोकाकडून घालून एकदा फिरवली की कडेला शिसाची करडी रेघ उमटते, आणि गोळीच्या भोकालाही तशीच करडी कड असते. शेडातून कोणाच्या बापाला कळत नाही. कागद हातात घेऊनही कळत नाही, कारण आपल्या नावावरची चांगली भोकं निरखून पाहायची कोणाला हौस असते?

हे सुरू कसं झालं, तर साधंच. मारोती नवा असताना एका वजनदार अधिकाऱ्याच्या दहा गोळ्यांना त्यानं दहा वेळा लाल फडकं हलवलं. साहेब चहा न घेताच गेले. सेक्रेटरी खंदकात उतरले आणि म्हणाले, माळाची जमीन सरकारची आहे, साहेब नाराज झाले तर उद्या इथे शेळ्या चरतील, तुझी रोजी जाईल ती वेगळीच. तेवढं बोलून त्यांनी खिशातली पेन्सिल मारोतीच्या हातात दिली. काय करायचं ते सांगितलं नाही. असली माणसं कधीच सांगत नाहीत.

पुढे वहिवाटच पडली. साहेबांसाठी पेन्सिल, आणि बँकांचे गार्ड, होमगार्ड, तांड्यांवरचे परवानेवाले यांच्यासाठी लाल फडकं. गार्डाची गोळी बोटभर बाहेर गेली तरी मारोती फडकं असं जोरात हलवायचा की जणू वर्षभराचं खरं बोलणं त्याला तेवढ्यातच उरकायचं होतं. आणि घरी जाऊन साहेबांना हसायचा. ज्या साहेबांना तो हसत होता त्यांचा नेम त्याच्याच पेन्सिलीचा होता, हे त्याच्या मनात कधी आलंच नाही. आलं असेल तर त्यानं ते कानामागे टाकलं.

क्लबात सगळ्यांत मोठा नेमबाज कोण, तर नरहर मुळावकर वकील. पुसदच्या कोर्टात तिसऱ्या पिढीची वकिली, घरात आजोबांच्या वेळची बंदूक, भिंतीवर सांबराची शिंगं. मुळावकरांच्या अंगात एक मोठी खोड होती. रायफलीचा धक्का खांद्याला बसणार या भीतीनं ते घोडा दाबायच्या क्षणी डोळे मिटून खांदा मागे घ्यायचे. गोळी मग कुठेही. पण पंधरा वर्षं पेन्सिलीच्या जिवावर पहिला नंबर त्यांचा. अशा माणसाला आपण चुकतो हे कळणार तरी कसं? चूक दाखवणाराच खंदकात बसून पेन्सिल फिरवत होता.

त्या साली त्यांच्या पुण्याच्या पुतण्यानं, अभिषेकनं, त्यांच्या डोक्यात मझल ब्रेकचं खूळ भरवलं. नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवायचं हे एक लोखंडी टोपण. त्याच्या बाजूंना भोकं असतात. बार झाला की नळीतला जाळ नि वाफ पुढे न जाता त्या भोकांतून बाजूला आणि मागे फेकली जाते, त्यामुळे रायफल मागे कमी रेटते आणि खांदा वाचतो. वस्तू वाईट नाही. धक्क्याला भिणाऱ्या माणसाचा नेम तिनं खरोखर सुधारू शकतो. पण तिच्या काही अटी असतात. टोपण नळीच्या अगदी सरळ रेषेत बसलं पाहिजे. ते बसलं की नळीच्या तोंडावर वजन वाढतं, बार होताना नळी वेगळी थरथरते, आणि गोळी आधी जिथे लागायची तिथे लागत नाही. म्हणून टोपण चढवल्यावर कागदावर गोळ्या झाडून बघायच्या आणि नळीवरची नेमाची माशी पुन्हा जुळवायची. हे सगळं मारोतीला एका म्हाताऱ्या फौजी हवालदारानं कधीकाळी शिकवलं होतं. वकीलसाहेबांना कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायची कोणाची हिंमत नव्हती. त्यांनी शहरातल्या कुठल्याशा कारागिराकडून टोपण बसवून आणलं आणि त्याच रविवारी क्लबच्या वार्षिक स्पर्धेत ते घेऊन झोपले.

पहिल्याच बाराला शेडात धुरळा उडाला. बाजूच्या सतरंजीवर नेमसिंग झोपला होता. नेमसिंग राठोड फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा, फौजेतून निवृत्त होऊन पुसदला बँकेचा गार्ड झालेला. टोपणातला सगळा आवाज आणि झोत त्याच्या कानफटात बसला. त्यानं कानात कापसाचा बोळा घातला आणि क्लबच्या जुन्या रायफलीनं आपल्या दहा गोळ्या झाडल्या. वकीलसाहेब मात्र खूश. खांद्याला धक्का नाही, डोळे उघडे, आणि शेजारी दचकतोय. यापेक्षा जास्त त्यांना कशाचीही अपेक्षा नव्हती.

शिटी वाजली. मारोतीनं वकिलांची चौकट खाली ओढली आणि त्याचं हसू गेलं.

दहापैकी तीनच गोळ्या कागदावर होत्या. त्याचं त्याला नवल नव्हतं. पण ती तीन भोकं गोल नव्हती. लांबट होती, कुलपाला किल्ली घालायची फट असते तशी. हवालदार त्याला सांगून गेला होता, गोळी कागदात आडवी शिरली की समज, नळीच्या तोंडाशी ती कशाला तरी घासते. घासलेली गोळी गरगरत, लडखडत जाते. ती कुठे जाईल ते झाडणाऱ्यालाही सांगता येत नाही. टोपण तिरपं बसलं होतं. दहाच्या दहा गोळ्या त्याच्या आतल्या कडेला घासून निघाल्या होत्या, आणि सात कुठे गेल्या याचा पत्ता नव्हता.

वर येऊन शेडापर्यंत जाऊन हे सांगायला मारोतीला फार वेळ लागला नसता. त्यानं मैद्याची खळ घेतली, तीन लांबट भोकांवर कागदाचे तुकडे डकवले आणि पेन्सिलीनं दहा गोल भोकं पाडली. नऊ मधल्या काळ्यात, एक जरा बाहेर, खरं वाटावं म्हणून. मग नेमसिंगची चौकट ओढली. आठ काळ्यात, दोन काठावर. काठावरच्या दोन गोळ्यांचे गुण कापायला मारोती विसरला नाही.

वकीलसाहेबांना ढाल मिळाली. तो कागद त्यांनी काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला. येईल त्याला दाखवायचे आणि म्हणायचे, ही ब्रेकची कमाल. त्या रविवारी मारोतीनं घरी नेहमीसारखी नक्कल केली, वकिलांनी ढाल कशी छातीशी धरली ती. तुळसाबाई हसली. आडव्या भोकांचं त्यानं सांगितलं नाही.

तो काळ कापसाच्या वाईट वर्षांचा. जिल्ह्याचं नाव रोज वर्तमानपत्रात, आणि लांबलांबची माणसं गाड्या भरून दुःख बघायला येत. गाड्यांच्या काचा वर असत, कारण धूळ फार. त्यात मारोतीच्या गावात एक एकांडं रानडुक्कर माजलं. कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत लपायचं आणि वेचणाऱ्या बायांवर धावून यायचं. मानीबाईची मांडी त्यानं सुळ्यानं फाडली तेव्हापासून बाया रानात जाईनात. कापूस फुटून बोंडांतून लोंबायला लागला, वाऱ्यानं मातीत गळायला लागला. भाव आधीच मेलेला, त्यात वेचणीची मजुरी बंद. गावानं वनखात्याच्या दारात बसून डुक्कर मारायची परवानगी मिळवली. कोणी मारायचं? तर रायफल क्लबचा पहिल्या नंबरचा नेमबाज. वनखात्यानं क्लबला विचारलं, क्लबनं ढाल दाखवली, विषय संपला.

ठरल्या दिवशी वकीलसाहेब जीप घेऊन आले. डोक्यावर खाकी हॅट, अंगात सतरा खिशांचं जाकीट. बरोबर घडीची खुर्ची, थर्मास आणि हे सगळं उचलायला मारोती. मागून नेमसिंग आपली दुनळी घेऊन आला होता. दुसरा नंबर म्हणून वनखात्याच्या रेंजरनं त्याला राखीव ठेवलं होतं. गावचा बेत असा होता की नाल्याच्या तोंडाशी वकीलसाहेबांनी बसायचं आणि पऱ्हाटीच्या दुसऱ्या अंगाला लोकांनी रांग करून डबे वाजवत हाका घालायचा. डुक्कर नाल्याकडे पळेल आणि उताराला लागलं की गोळी खाईल. रांग गोळीच्या रेषेपासून चांगली बाजूला होती. सरळ जाणाऱ्या गोळीपासून.

मारोतीनं खुर्ची मांडली आणि वर पाहिलं. बांधावर हाक्याची रांग उभी राहात होती. पुरुष थोडे, बायाच जास्त, कारण रोजी त्यांची बुडाली होती. कोणाच्या हातात घमेलं, कोणाच्या हातात तेलाचा डबा. तिसरी तुळसाबाई होती. पोलक्यावर नवऱ्याचा जुना सदरा, डोक्याला फडकं, आणि लांबूनही ओळखू येईल असं ते एका बाजूला झुकून उभं राहणं. तिनं त्याला पाहून डबा उंच केला. सकाळी घरून निघताना तिनं काही सांगितलं नव्हतं. त्यानंही नव्हतं.

वकीलसाहेबांनी रायफल काढली. नळीच्या तोंडावर ते टोपण चकाकत होतं. ते रेंजरला समजावून सांगत होते की धक्का नसला की नेम आपोआप बसतो आणि त्यांच्या दहापैकी नऊ गोळ्या काळ्यात होत्या. रेंजर मान डोलवत होता. मारोतीला ती तीन भोकं दिसत होती. सात गोळ्या कागदालाही लागल्या नव्हत्या. त्या दिवशी निशाणाच्या मागे मुरमाचा बांध होता. आज बाया होत्या.

त्यानं एकदा नेहमीसारखं गप्प राहायचा प्रयत्न केला. डुक्कर या बाजूला येणारच नाही, असं स्वतःला सांगून पाहिलं. मग रेंजरनं हाका सुरू करायला शिटी तोंडाला लावली, आणि शिटीची सवय झालेल्या या माणसाला पहिल्यांदाच ती वाजू नये असं वाटलं. तो रेंजर आणि खुर्ची यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

“साहेब, ह्या बंदुकीनं मारू नका. ते भोकं वकीलसाहेबायचे नाई. माह्या पेन्सिलीचे हायेत.”

रेंजरला काही कळलं नाही. मारोतीनं सांगितलं. तीन गोळ्या, त्याही आडव्या, खळ, कागदाचे तुकडे, पेन्सिल. सांगताना त्यानं कानावरची पेन्सिल काढून पुढे धरली. वकीलसाहेबांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. ते म्हणाले की हा माणूस पिऊन आलेला आहे. या लोकांना चांगलं काही बघवत नाही, हेही म्हणाले. या लोकांना म्हणजे कोणाला, ते तिथल्या सगळ्यांना बरोबर समजलं.

“पेलो असन तं मले बांधून ठेवा,” मारोती म्हणाला. “पण ते टोपण काढून अंदर पाहा. घासल्याची खूण असन. नसन तं मी आता बांधावर जाऊन उभा राह्यतो, खुशाल मारा.”

वकील टोपण काढू देईनात. वस्तू महागाची आहे, कुणीही हात लावायचा नाही. तेव्हा रेंजरच्या खुणेसरशी नेमसिंग पुढे झाला, अदबीनं त्यांच्या हातातून रायफल घेतली, गोळ्या बाहेर काढल्या आणि टोपण फिरवून रेंजरच्या हातात दिलं. रेंजरनं ते उन्हाकडे धरलं. आतल्या कडेला एका बाजूनं, बोटानं लागेल असा चकचकीत ओरखडा होता. दुसरी बाजू तशीच काळी, एक रेघही नसलेली. रेंजर बराच वेळ त्यातून पाहात राहिला. त्या भोकातून त्याला बांध दिसत होता, आणि बांधावरच्या बाया.

टोपण काढूनच मारतो, असं मग वकीलसाहेब म्हणाले. पडलं तरी नाक वर. नेमसिंगनं मान हलवली.

“टोपण काढलं तं नळी पुन्ना येगळी वागते, साहेब. गोळी कुठी जाईन, ते पयले कागदावर पाहा लागते. इथं कागद नाई. मानसं हायेत.”

रेंजरनं वकीलसाहेबांना जीपमध्ये बसायची विनंती केली. नेमसिंग दुनळी घेऊन नाल्यात खाली, डुकराच्या वाटेच्या अगदी जवळ जाऊन बसला, कारण त्याच्या बंदुकीचा पल्ला तेवढाच होता आणि तो त्याला ठाऊक होता. डबे वाजले. डुक्कर आलं ते हाक्याला बगल देऊन, ठरलेल्या वाटेच्या वीस पावलं डावीकडून. खुर्चीवरून मारलं असतं तर नळी थेट रांगेकडे वळली असती. नेमसिंगनं ते अंगावर येऊ दिलं आणि एका बारात पाडलं. बायांनी डबे खाली ठेवले. मानीबाईचा नवरा डुकराजवळ जाऊन नुसता उभा राहिला.

पुढचं सगळं कोणालाही सांगता येईल असंच झालं. क्लबनं मारोतीला काढलं. कारण लिहिलं, सभासदांची बदनामी. खोटी भोकं पाडल्याचा त्यात उल्लेख नव्हता, कारण तो केला असता तर शहरातल्या निम्म्या दिवाणखान्यांतल्या चौकटी उतरवाव्या लागल्या असत्या. ढाल नेमसिंगकडे गेली नाही. ती वकिलांकडेच राहिली, आणि टोपणही, कारण खांदा अजून दुखायचा. खंदकात नवा माणूस बसला. पुढच्या रविवारी वकीलसाहेबांच्या दहापैकी नऊ गोळ्या काळ्यात लागल्या.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी डुकराला बैलगाडीत घातल्यावर लोक पांगले आणि मारोती नि तुळसाबाई गावाकडे चालायला लागली. मारोतीची छाती फुगली होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो साहेबाच्या तोंडावर बोलला होता आणि सगळ्या गावानं ते ऐकलं होतं. वकिलांचा चेहरा कसा लाल झाला, मग कसा पांढरा, याची नक्कल त्यानं चालता चालता सुरूही केली. तुळसाबाई हसेना. त्याला वाटलं दमली असेल.

नाला ओलांडल्यावर ती थांबली. तिनं त्याच्या कानावरची पेन्सिल काढली, उलटीसुलटी करून पाहिली.

“हे नेमसिंगच्या कागदावर कदी चालली काय?”

नाही, असं तो म्हणाला.

“अन् त्या गार्डायच्या? होमगार्डायच्या?”

तो पुन्हा नाही म्हणाला, यावेळी हळू. तिनं पेन्सिल त्याच्या सदऱ्याच्या खिशात नीट खोचली, मुलाच्या खिशात खोचावी तशी.

“मी आज त्या रांगेत नसती,” ती म्हणाली, “नुसत्या दुसऱ्या बाया असत्या. मंग बोल्ले असते काय तुमी?”

मारोतीनं तोंड उघडलं. प्रत्येक साहेबाविषयी त्याच्याजवळ काही ना काही तयार असायचं, चटकन ओठावर यायचं. आता त्याच्या डोळ्यांपुढे मानीबाई आली, तिची मांडी, आणि रांगेतली सुखीबाई, आणि नाव आठवत नव्हतं अशा दोघीतिघी.  तुळसाबाईनं डबा काखेत मारला आणि पुढे निघाली. कापूस फुटून पडला होता, उद्या सकाळी वेचायला जायचं होतं.